दोन पाटल्यांचा हार

सुमाताई परब कुठेही बसायच्या. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही आणि आम्ही दोघी तिसऱ्या मजल्यावर समोरासमोर. त्यामुळे भाजी घेऊन वर येताना त्या पहिल्या मजल्याच्या वळणावर एकदा बसणार, दुसऱ्याच्या वळणावर एकदा, आणि स्वतःच्या दारात पोचल्यावर कुलूप काढायच्या आधी पुन्हा एकदा. पिशवीत जुन्या वर्तमानपत्राची घडी कायम असायची. ती पायरीवर पसरायची, साडी सारखी करून बसायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला गुडघे आत घेऊन वाट द्यायची, असा शिरस्ता होता. बँकेत, दवाखान्यात, रेशनच्या दुकानासमोर, आणि एकदा तर मुलुंडच्या मंडईत चक्क कांद्याच्या पोत्यावर बसलेलं मी त्यांना पाहिलं आहे. त्यांच्या चेहऱ्यावर थकवाच असा असायचा की त्यांना 'उठा' म्हणायचा कोणाला धीर व्हायचा नाही.

सोसायटीच्या सेक्रेटरींना तेवढा तो धीर होता. त्यांनी दुसऱ्या मजल्यावर पाटी लावली, 'जिन्यात बसू नये'. सुमाताईंनी ती चष्मा लावून सावकाश वाचली, बरोबर तिच्याखाली कागद पसरला आणि बसल्या. सेक्रेटरी नेमके तेव्हाच उतरत होते. त्यांनी पाटीकडे बोट केलं. "वाचली हो," सुमाताई म्हणाल्या, "तरुण पोरांसाठी आहे ती." सेक्रेटरी अंग चोरून खाली गेले. त्यानंतर पाटीचा विषय कोणी काढला नाही.

त्या गेल्या त्याला आता वर्ष होत आलं. हल्ली ऑफिसातून येऊन जिना चढताना मलाच दुसऱ्या मजल्यावर धाप लागते. कठड्याला धरून उभी राहते आणि वाटतं, आपणही बसावं. पण त्यांच्यासारखं बसायला जो एक निर्ढावलेपणा लागतो तो माझ्यात नाही.

परब मूळचे मालवणकडचे. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर परळची खोली विकून ते मुलुंडला आले, ते बायको आणि दोन मुली घेऊन. थोरली सुमन, धाकटी कुंदा. कुंदाचं लग्न होऊन ती बोरिवलीला गेली. सुमाताईंचं राहून गेलं. का राहिलं ते मी कधी विचारलं नाही. तळमजल्यावरच्या एका बाईंनी विचारलं होतं, त्यांना सुमाताईंनी सांगितलं, "सुट्टी रविवारचीच असायची, आणि रविवारी कपडे धुवायचे असायचे."

एका औषध कंपनीच्या पॅकिंग खात्यात त्यांची नोकरी झाली. वडील गेले, मग आईला अर्धांगवायू झाला. सुमाताईंनी मुदतीआधी नोकरी सोडली आणि आईचं करायला लागल्या. आई कित्येक वर्षं अंथरुणावर होती. भरवणं, पुसणं, कूस बदलणं, चादरी धुणं, पुन्हा भरवणं. माझ्या दारातून त्यांचा स्वयंपाकघराचा कोपरा दिसतो. त्या सगळ्या काळात मी त्यांना एकदाही बसलेलं पाहिलं नाही. जेवायच्या तेसुद्धा ओट्याशी उभ्याने. बसायला लागल्या त्या आई गेल्यावर. मी एकदा सहज म्हटलं, आता जरा आराम मिळत असेल. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"आराम नाही गं. थकायला वेळ मिळाला."

हे त्या तक्रारीच्या सुरात म्हणाल्या नाहीत. सरकारी कचेरीत आपला नंबर लागल्यावर माणूस म्हणतो, तसं म्हणाल्या.

आईच्या मागे दागिना म्हणावा असं काही उरलं नव्हतं. गिरणी गेल्यानंतरच्या वर्षांत एकेक करून सगळं सोनाराकडे गेलं होतं. राहिल्या होत्या त्या दोन पाटल्या. बोटभर रुंद, वर बारीक वेलबुट्टीची नक्षी. आईच्या हातातून त्या सहसा उतरायच्या नाहीत. वडील गेले तेव्हा बायकांनी काकणं काढली आणि पाटल्यांनाही हात घातला, तर आईने दोन्ही हात पदरात ओढून घेतले. "ह्यो माझ्या आवशीच्यो," ती म्हणाली, "तेंच्यो न्हय." नवऱ्याच्या नसून त्या तिच्या आईच्या होत्या. नवऱ्यामागे त्या उतरवायचं काही कारण तिला दिसत नव्हतं.

तर अशा त्या पाटल्या. आईच्या तेराव्याची पंगत उठल्यावर मामांनी त्या चटईवर ठेवल्या. मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ, घरातले एकमेव वडीलधारे. मी पाण्याचे तांबे उचलत होते. मामा म्हणाले, "दोन चेडवां, दोन पाटल्यो. ह्याच्यात इचार कसलो करूचो?" आणि एक पाटली एका मुलीकडे, एक दुसरीकडे सरकवली. सगळ्यांनी माना डोलावल्या. कुंदाने आपली रुमालात बांधली, सुमाताईंनी आपली मुठीत धरली. न्याय इतका सरळ होता की त्यात खोट काढायला जागाच नव्हती. आणि त्यामुळेच सगळं बिघडलं.

कारण पाटली ही एकटीने घालायची वस्तू नव्हे. बांगड्या असतील तर त्यांच्या मागे, पण दोन्ही हातांत. एका हातात पाटली आणि दुसरा हात ओका, असं कोणी चारचौघांत जात नाही. चांगल्या कामाला तर नाहीच. तेव्हा वाटणी झाली आणि दोघींच्याही हाताला काही लागलं नाही. एक पाटली मुलुंडच्या बँकेत जाऊन बसली, एक बोरिवलीच्या. प्रत्येकीला वाटत होतं की दुसरीने म्हणावं, 'घे, दोन्ही तुझ्याकडे असू देत.' म्हणायला कोणी तयार नव्हतं.

इमारतीतल्या आम्हा सगळ्यांच्या लेखी निकाल लागलेला होता. जिने आईचं केलं, दोन्ही तिच्या. मी तसं बोललेही. सुमाताई मटार सोलत होत्या. म्हणाल्या, "केलं म्हणून मागू? म्हणजे मग ती मजुरी झाली." थोडा वेळ सोलत राहिल्या आणि पुढे म्हणाल्या की तिचंही काही खोटं नाही. कुंदा लहान असताना तापली की आई आपली पाटली काढून तिच्या हातात खेळायला द्यायची, आणि ही तुझीच, असं म्हणायची. "मला नाही कधी म्हणाली. मी तापले तर मला फक्त पेज मिळायची."

दोघी बहिणी एकमेकींना गणपतीला आणि दिवाळीला फोन करायच्या. तब्येतीचं विचारून झालं की फोन ठेवून द्यायच्या. बाकी येणं नाही, जाणं नाही. मुलुंड आणि बोरिवली एकाच शहरात आहेत असं नकाशात दिसतं. पण ज्याला जायचं नसतं त्याला ते अंतर फार सोयीचं आहे.

माझ्या मुलीच्या साखरपुड्याला सुमाताई आल्या तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांत पाटल्या होत्या. मी चमकलेच. मला वाटलं, कुंदाने दिली. मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "डाव्या हाताकडे बघू नको." बाजारातल्या खोट्या दागिन्यांच्या दुकानात त्यांनी आपली खरी पाटली नेऊन तिच्याशी जुळती दुसरी शोधली होती. दुकानदाराला टोपलीभर पाटल्या उपसायला लावल्या होत्या म्हणे. दुरून बघणाऱ्याला कळलं नसतं. पण सुमाताईंना घाम फार. महिन्याभरात खोटी काळवंडली आणि मनगटावर काळं वळं उमटलं. लिंबू लावलं, चिंच लावली, भांड्यांची पावडरसुद्धा लावली. वळं काही पुरतं गेलं नाही. खोट्या पाटलीला टूथपेस्टने घासून त्या पुन्हा कामाला आणायच्या. घासता घासता स्वतःलाच हसायच्या. मला मात्र ते बघून वाईट वाटायचं. त्या वयात, एवढं सगळं करून, बाईने हाताला खोटं लावून हिंडावं हे मला पटत नव्हतं.

मग मामांच्या नातवाचं लग्न निघालं. घाटकोपरला हॉल. सुमाताई मला म्हणाल्या, स्मिता, तू चल, मला एकटीला नको. कुंदा येणार होती हे त्यांनी सांगितलं नाही, मला कळलं. रिक्षात त्या डावा हात पदराखाली घेऊन बसल्या होत्या.

कुंदा समोरच्या बाजूला होती. बहिणीहून गोरी, अंगाने भरलेली, सारखी कोणाला तरी काहीतरी सांगणारी. तिने हात उंच करून अक्षता टाकल्या आणि माझ्या शेजारी सुमाताई ताठ झाल्या. कुंदाच्या दोन्ही हातांत पाटल्या होत्या. तीच वेलबुट्टी. "दुसरी करून घेतली तिने," सुमाताई पुटपुटल्या. म्हणजे खऱ्या सोन्याची. म्हणजे नवऱ्याने करून दिली. म्हणजे आता तिला ह्या पाटलीची गरजही उरली नाही. हे सगळं त्या बोलल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा मला पाठ होता. जेवणात त्यांनी नुसता भात चिवडला.

जेवून हात धुवायला गेलो तर बेसिनशी कुंदा. तिने साबण लावण्यासाठी पाटल्या कोपराकडे सरकवल्या होत्या आणि तिच्या उजव्या मनगटावर काळं वळं होतं. अगदी तसंच. सुमाताई तिच्या शेजारच्या नळाशी जाऊन उभ्या राहिल्या. त्यांनी आपला डावा हात पदरातून काढला आणि नळाखाली धरला. दोघींनी एकमेकींच्या मनगटांकडे बघितलं.

"किती टिकली?" सुमाताईंनी विचारलं.

"तीन आठवडे," कुंदा म्हणाली. "तुझी?"

"महिना. मुलुंडची आहे ना."

कुंदा आधी हसली आणि मग रडायला लागली. मागे हात धुवायला रांग लागली होती. एक बाई म्हणाल्या, जरा सरकता का. सुमाताईंनी बहिणीला दंडाला धरून बाजूला घेतलं, आणि तिथेच भिंतीला टेकून ठेवलेल्या खुर्चीवर आधी आपण बसल्या.

त्या आठवड्यात दोघी आपापली पाटली घेऊन सोनाराकडे गेल्या. मलाही नेलं. सोनार घाटकोपरचाच, परबांच्या ओळखीतला. ओळख अशी की गिरणीच्या पडत्या काळात आईचं बाकीचं सोनं त्याच्याच वडिलांनी घेतलं होतं. त्याचा व्यवहारी सल्ला असा होता की दोन्ही मोडा आणि हलक्या वजनाच्या दोन चेन घ्या. त्याने मोबाइलवर डिझाइनं दाखवायला सुरुवातही केली. सुमाताई म्हणाल्या, ही परत वाटणीच झाली. एकदा करून बघितली, पुरे.

मग त्यांनी आपली पाटली काचेवर ठेवली. कुंदाने तिची शेजारी ठेवली. तेराव्यानंतर त्या दोन पाटल्या पहिल्यांदाच एकत्र येत होत्या, आणि आम्हाला सगळ्यांना एकदमच दिसलं की त्या सारख्या नाहीत. कुंदाच्या पाटलीवरचं पानन् पान उठून दिसत होतं. सुमाताईंच्या पाटलीवरची नक्षी जवळजवळ पुसली गेली होती. ती आईच्या उजव्या हातातली होती. पाटा, जातं, भांडी, धुणं सगळं त्या हाताने झालेलं.

"तुला झिजलेली मिळाली, ताई," कुंदा म्हणाली. "मला माहीत नव्हतं."

"मला तरी कुठे माहीत होतं. दुसरी बघितली असती तर कळलं असतं."

एकच वस्तू करायची हे त्या काचेसमोर ठरलं. गळ्यालगतचा मण्यांचा हार, आणि मधोमध दोन्ही पाटल्यांच्या नक्षीचा एकेक तुकडा कापून शेजारीशेजारी बसवायचा. मणी उरलेलं सोनं वितळवून करायचे. सोनार म्हणाला, झिजलेल्यावर नवी नक्षी उठवून देतो, नाहीतर जोड विजोड दिसेल. सुमाताईंनी नको सांगितलं. ती अशीच राहू दे. दिसू दे विजोड.

हे सगळं झाल्यावर कुंदाने खरा प्रश्न विचारला. हार एक, मग घालणार कोण?

सुमाताई स्टुलावर बसल्या होत्या. त्यांना गावचा गणपती आठवला. परबांच्या गावच्या घरी गणपती चुलत्यांच्या घरांत पाळीने येतो. एक वर्ष ह्या घराचं, पुढचं त्या घराचं. वडील होते तोवर त्यांची पाळी आली की हे चौघं बोचकी बांधून गावी जायचे. आई उकडीच्या मोदकांची पंगत उठवायची, दोघी मुली दुर्वा निवडायच्या. वडील गेले आणि ती पाळी चुलत्यांकडे गेली, कारण ह्या घरात मुलगा नव्हता. मुलींना पाळी नसते. त्याबद्दल कोणी भांडलं नाही, कारण ते तसंच असतं.

"गणपतीत आपल्याला कोणी पाळी दिली नाही," सुमाताई म्हणाल्या. "हारात लावू."

गुढीपाडव्यापासून दसऱ्यापर्यंत कुंदाची, दसऱ्यापासून पाडव्यापर्यंत सुमाताईंची. मामांना कळलं तेव्हा ते फोनवर म्हणाले, "हार म्हंजे काय गणपती आसा?" सुमाताईंनी उलट विचारलं की गणपतीसुद्धा दोन घरांना भेटवायलाच येतो, नाही का? मामांनी फोन मामींकडे दिला.

सोनं आपल्यासमोर वितळवायचं असा आमच्याकडे रिवाज आहे, भेसळ होऊ नये म्हणून. दोघी सोनाराच्या मागच्या खोलीत बसून होत्या. नक्षीचे तुकडे बाजूला कापून ठेवले होते. उरलेलं सोनं मुशीत गेलं, लाल झालं आणि एका क्षणी त्यातलं कुठलं सुमाताईंचं आणि कुठलं कुंदाचं हे सांगता येईना. कुंदाने बहिणीचा हात धरला. मी दारात उभी होते, मला मध्ये जावंसं वाटलं नाही.

पाळीला नियम होते आणि ते सगळे सुमाताईंचे. जिची पाळी तिने घ्यायला जायचं नाही, द्यायला दुसरीने जायचं. मुलाबरोबर पाठवायचा नाही. देणारीने आपल्या हाताने घेणारीच्या गळ्यात घालायचा. आणि जेवल्याशिवाय निघायचं नाही. कुंदाच्या मुलाने एकदा सुचवलं होतं की कुरिअरने पाठवू, विमा उतरवता येतो. कुंदाने त्याला काय उत्तर दिलं ते ती सांगायची नाही, पण त्याने पुन्हा सुचवलं नाही.

आता कोणी म्हणेल, मग बहिणी गोडीने राहू लागल्या. तसं काही झालं नाही. दर पाळीला त्या भांडायच्या. मुलुंडला कुंदा आली की दार उघडं असायचं, त्यामुळे मला घरबसल्या सगळं ऐकू यायचं. तिरफळं किती घालायची इथपासून सुरुवात व्हायची आणि तासाभरात गाडी आईवर यायची. एका दसऱ्याला ते फार वाढलं. आईच्या शेवटच्या वर्षांत तू मला काही करूच दिलं नाहीस, कुंदा म्हणाली, एकदा तरी हाक मारायचीस, मी आले असते.

"यायचीस की," सुमाताई म्हणाल्या. "पाहुणी म्हणून यायचीस. तू आलीस की आईचं करून वर तुझा चहा करायला लागायचा मला."

मला वाटलं, आता कुंदा पर्स उचलून निघते. मी पाण्याचा तांब्या घेऊन उगाच दारापर्यंत गेले. कुंदा ओट्याशी उभी राहून चहा करत होती. दोघींपुरता. मग जेवल्या. मग हार. हार घालताना त्या कधीच बोलायच्या नाहीत. सुमाताई मान पुढे करायच्या, कुंदा मागे उभी राहून आकडा लावायची, आणि तेवढ्यापुरती घरात शांतता असायची.

आपल्या सहा महिन्यांत सुमाताई तो हार रोज घालायच्या. दूध आणायला, जिन्यात बसायला, गाऊनवरसुद्धा. लोक म्हणायचे, अहो, दिवस कसले आहेत, खेचून नेईल कोणी. त्या वर पदर घेत, नाहीतर ओढणी. लॉकरमध्ये ठेवायचा तर केला कशाला, एवढंच उत्तर. झिजलेला तुकडा आणि ठसठशीत तुकडा शेजारीशेजारी. नवीन माणूस हमखास विचारायचा की हा असा का. सुमाताई म्हणायच्या, आमच्या आईचा उजवा आणि डावा हात आहे.

मग एका दुपारी त्या दुसऱ्या मजल्यावर बसल्या आणि उठल्या नाहीत. शुद्धीत होत्या, पण उठता येईना. सेक्रेटरी आणि वॉचमन यांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून खाली आणलं. डॉक्टर म्हणाले, हृदय कमजोर आहे, आजचं नाही, पुष्कळ वर्षांचं असावं. सुमाताईंनी माझ्याकडे मान वळवली. "बघ. खोटं नव्हतं माझं." त्यांच्या आवाजात जवळजवळ समाधान होतं. एवढी वर्षं सगळ्यांना वाटलं, बाई कंटाळा करते. आता डॉक्टरच सांगत होते.

तीन जिने आता शक्य नव्हते. कुंदा आली आणि तिने कोणाला न विचारता कपाट उघडून कपडे पिशवीत भरायला घेतले. सुमाताई म्हणाल्या, मी पाहुणी म्हणून येणार नाही. "ये तर खरी," कुंदा म्हणाली. "चहा नाही देणार." आणि त्या कुंदाबरोबर गेल्या.

मी बोरिवलीला जाऊन यायचे. जायला दोन तास, यायला दोन तास, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात डोळे मिटायचे. पण जायचे. कुंदा त्यांना अंघोळ घालायची, वेणी घालायची, भरवायची. अवजड शरीराची कुंदा वाकताना कण्हायची. सुमाताई म्हणायच्या, "दमलीस ना? आता कळलं?" कुंदा म्हणायची, "गप बस, तोंड उघड." पाडव्याला हार सुमाताईंकडून कुंदाकडे जायचा होता. म्हणजे पलंगावरून स्वयंपाकघरात. सुमाताईंनी ते मान्य केलं नाही. मी यायला पाहिजे तुझ्या घरी, मला येता येत नाही, तर तू बाहेर जा आणि घरात ये, नियम मोडायचा नाही. कुंदा स्वतःच्याच दाराबाहेर गेली, चप्पल काढली, बेल वाजवली आणि आत आली. सुमाताईंनी तिला पलंगावर बसवून आपल्या हाताने हार घातला. त्यानंतर श्रीखंड आंबट झालं म्हणून भांडण झालं, ते मला फोनवर दोघींकडून वेगवेगळं कळलं.

मी त्यांना शेवटचं भेटले तेव्हा गणपती होऊन गेले होते. पितृपक्ष चालू होता. सुमाताई खूप खंगल्या होत्या. उशांना टेकून बसवलेल्या, गळ्याची हाडं वर आलेली. बोलायचं तर मध्ये थांबायला लागत होतं. मी उगाच इमारतीतल्या गोष्टी सांगत होते, पाणी येत नाही, रंग लावायचं चाललं आहे. तेवढ्यात कुंदा आली. तिने स्वतःच्या गळ्यातला हार काढला आणि बहिणीच्या गळ्यात घातला. आकडा लावून ती मागे सरकली. तिने चेहरा अगदी सहज ठेवला होता.

सुमाताईंनी हाराला हात लावून बघितला.

"पाळी कोणाची?"

"माझी," कुंदा म्हणाली.

"मग हा इकडे कसा?"

"दसरा काय, आलाच. थोडे दिवस आधी घातला तर काय बिघडतं, ताई?"

सुमाताईंनी दम घेतला. मी खिडकीबाहेर बघायला लागले, कारण मला कळलं होतं, आणि त्यांना कळलं आहे हेही कळलं होतं.

"तुला वाटतंय, मी तोवर नसेन," त्या म्हणाल्या. रागाने नाही. "काढ. दसऱ्याला घाल. मला तेवढं बसू दे वाट बघत."

कुंदा परत पलंगाच्या मागे गेली. तिला आकडा सापडेना. सुमाताईंनी मान पुढे केली होती. ती तशी धरून ठेवायला त्यांना त्रास होत होता, ते दिसत होतं, पण त्यांनी घाई केली नाही. मी निघाले तेव्हाही कुंदा मागे वाकून शोधतच होती.

दसऱ्याच्या संध्याकाळी कुंदाचा फोन आला. मी ऑफिसातून नुकतीच आले होते, पर्ससुद्धा खांद्यावरच होती. कुंदा म्हणाली, घातला हार. आधी बाहेर जाऊन बेल वाजवली, मग घातला. ताईने आरसा मागितला आणि खूप वेळ बघत राहिली. श्रीखंड दोन चमचे खाल्लं. पुरी तर चक्क कच्ची राहिली होती, कुंदा म्हणाली, मी मुद्दाम तशीच दिली तिला, म्हटलं, भांडेल तरी.

मी विचारलं, मग?

"चांगली झाली म्हणाली," कुंदा म्हणाली.